करवतीखाली जाण्याआधी

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात घर बांधायला काढलं की दाराची चौकट बांधावर शोधायची पद्धत अजून पूर्ण गेलेली नाही. "परड्यातला फणस दारांना होईल, बांधावरचा सागवान माडीला," असलं बोलणं जांबोटी, कणकुंबी, नंदगड या पट्ट्यात आजही कानावर येतं. झाड आजोबांनी लावलेलं असतं, राखलेलं वडिलांनी, आणि तोडायची वेळ येते ती नातवंडांवर. एवढ्या वर्षांचं ते लाकूड सॉमिलमध्ये शिरतं आणि तासाभराच्या आत फळ्या होऊन बाहेर पडतं. तेवढ्या वेळात तिथं जे ठरतं ते नंतर कुणालाच फिरवता येत नाही. आणि नेमका त्याच वेळी झाडाचा मालक रस्त्यापलीकडं चहाला गेलेला असतो, कारण आत जे बोलणं चाललंय त्यातलं आपल्याला काही कळत नाही असं त्यानं धरलेलं असतं.

मला हे फार लागतं. सॉमिलमधलं बोलणं अवघड नाही. पंधरा-वीस शब्द आहेत, आणि त्यातला प्रत्येक शब्द म्हणजे एकेक निर्णय आहे. तो निर्णय झाडाच्या मालकानं घ्यावा, निदान तो घेतला जाताना समोर उभं राहावं, एवढ्यासाठी हे लिहितेय.

आधी यंत्र बघू. आपल्याकडच्या बहुतेक सॉमिलमध्ये पट्टा करवत असते. एकावर एक अशी दोन मोठी चाकं, वरचं डोळ्यांसमोर आणि खालचं जमिनीतल्या खड्ड्यात. त्यावरून पोलादी पट्टा फिरतो, त्याच्या एका कडेला दात. समोर रुळांवर ट्रॉली. ओंडका ट्रॉलीवर घट्ट बसवतात आणि ट्रॉली करवतीकडं ढकलतात. करवत जागच्या जागी फिरते, लाकूड तिच्यातून जातं. दात बारकाईनं बघितले तर एक किंचित डावीकडं, पुढचा किंचित उजवीकडं वाकवलेला दिसतो. त्यामुळं काप पट्ट्याच्या जाडीपेक्षा थोडा रुंद पडतो आणि पट्टा लाकडात आवळला जात नाही. कापाच्या या रुंदीएवढं लाकूड दर वेळी भुसा होऊन जातं. काप 1 सूत रुंद पडत असेल तर 10 कापांत 10 सूत, म्हणजे सव्वा इंच लाकूड गेलं. (8 सूत म्हणजे 1 इंच. सुताराशी बोलताना हे पाठ असलेलं बरं, कारण तो पाव इंच म्हणणार नाही, दोन सूत म्हणेल.) गोल फिरणाऱ्या चकतीच्या करवतीचा काप याहून जाड असतो. म्हणून महागाचं लाकूड पट्ट्यावरच कापून घ्यावं, आणि पट्ट्याला धार कधी लावलीय ते विचारायला लाजू नये. बोथट करवत लाटांसारखी चालते. फळी एका टोकाला एक इंच, मधे दोन सूत कमी, अशी निघते आणि ती सारखी करायला सुतार रंधा मारत बसतो. तेही लाकूड आपलंच.

आता माप. भांडणं होतात ती इथंच.

झाड आडवं करून फांद्या छाटल्या, हव्या त्या लांबीचे तुकडे केले की तो झाला ओंडका. व्यापारात त्याला नुसतं 'गोल' म्हणतात. "गोल किती, साइझ किती?" असा प्रश्न आला की गोल म्हणजे न कापलेला माल आणि साइझ म्हणजे कापून चौरस केलेला. दोन्ही घनफुटात मोजतात, पण दोन्हींची रीत वेगळी. साइझचा हिशेब सरळ आहे: रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी फुटात, तिन्हींचा गुणाकार करून 144 नं भागायचं. दाराच्या चौकटीला 5 बाय 3 चं लाकूड घेतलं, 7 फुटांचे दोन उभे, साडेतीन फुटांचा वरचा आडवा आणि तेवढाच उंबरा, तर एकूण लांबी 21 फूट. 21 गुणिले 15 भागिले 144, म्हणजे 2.19 घनफूट.

गोलाची रीत मात्र समजून घ्यावी लागते. ओंडक्याच्या मध्यावर दोरी गुंडाळून घेर मोजतात. घेराचा चौथा हिस्सा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, लांबीनं गुणायचं आणि 144 नं भागायचं. 48 इंच घेर आणि 10 फूट लांबीचा ओंडका घ्या. चौथा हिस्सा 12, त्याचा वर्ग 144, म्हणून माप बरोबर 10 घनफूट. पण शाळेतल्या वर्तुळाच्या सूत्रानं याच ओंडक्याचं घनफळ काढलं तर ते 12.73 येतं. म्हणजे चौथाई घेराच्या रीतीत खऱ्या घनफळाचे साडेअठ्ठ्याहत्तर टक्केच मोजले जातात. ही रीत एडवर्ड हॉपस नावाच्या इंग्रज मोजणीदाराच्या नावानं ओळखली जाते. त्याची कोष्टकं 1736 साली छापली गेली आणि इंग्रजांबरोबर ती इथं आली.

यात फसवणूक आहे का? रीतीत नाही. गोलातून चौकोन काढताना चारी बाजूंच्या खपल्या जातात, भुसा जातो, त्याची सोय त्या सूत्रातच करून ठेवलेली आहे. पण एकच माणूस विकत घेताना एक रीत आणि विकताना दुसरी वापरत असेल, तर मधलं अंतर कुणाच्या खिशात गेलं हे ज्याच्या त्याला कळायला हवं. म्हणून सौदा बोलायच्या आधीच विचारावं: माप चौथाई घेराचं की पूर्ण? घेर सालीसकट की साल काढून? फणसाची, आंब्याची साल चांगली जाड असते, त्यामुळं या प्रश्नाचं उत्तर पैशात उमटतं. आणि घेर मध्यावरच मोजला जातोय ना, हे बघावं. बुंध्याशी मोजला तर विकणाऱ्याचा फायदा, शेंड्याशी मोजला तर घेणाऱ्याचा.

आमच्या काकांच्या परड्यातला फणस एका पावसाळ्यात वाऱ्यानं उन्मळून पडला. नुसता आडवा झाला, बुंधा धड राहिला. त्याची दारं करायची असं घरात ठरलं आणि कागदपत्रं झाल्यावर ओंडके घेऊन काकांबरोबर मी सॉमिलवर गेले. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी पहिला ओंडका ट्रॉलीवर चढवूच दिला नाही. खाली ठेवून त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग बादलीतलं पाणी कापलेल्या तोंडावर ओतलं आणि हातानं चोळलं. कोरडं असताना मळकट पिवळं दिसणारं ते तोंड ओलं झाल्यावर एकदम उघडलं. मधे गडद पिवळा गाभा, बाहेर फिकट पांढऱ्या भागाची कड, आणि अगदी केंद्रातल्या ठिपक्यापासून एका बाजूला निघालेली केसासारखी भेग. मिस्त्रींनी खडूनं त्या भेगेच्या दिशेनं सरळ रेघ ओढली. म्हणाले, "हितनं फोडला तर भेग एकाच कापात जातीय. आडवा घेतला तर दर फळीत येतीय बघा."

मग त्यांनी मला विचारलं, "अक्का, रुंद फळी पायजे का सरळ ऱ्हाणारी पायजे, ते सांगा आधी."

काका म्हणाले, "दोन्ही मिळालं तर बरं हुतं."

"मिळालं असतं की. खरं ह्याचा घेर तेवढा न्हाई. रुंद घेतलीसा तर उद्या वाकतीय."

लाकूडकामातलं मोठं शास्त्र त्या एका प्रश्नात आहे, म्हणून इथं जरा थांबते.

ओंडका ट्रॉलीवर ठेवून एकाच बाजूनं सरळ फळ्यामागून फळ्या काढत जायचं, ही सोपी रीत. काम लवकर होतं, लाकूड कमी वाया जातं, फळ्या रुंद मिळतात आणि त्यांवर डोंगराच्या आकारासारखी सुंदर नक्षी येते. दुसरी रीत म्हणजे ओंडका आधी केंद्रातून उभा चिरून चार फोडी करायच्या आणि प्रत्येक फोडीतून अशा फळ्या काढायच्या की झाडाच्या वाढीची वर्तुळं फळीच्या तोंडावर उभी दिसतील. यात वेळ जातो, खपली जास्त निघते, रुंदी कमी मिळते, आणि नक्षी म्हणजे नुसत्या समांतर उभ्या रेघा. पण ही फळी सरळ राहते.

कारण लाकूड सगळीकडं सारखं आटत नाही. लांबीत ते जवळजवळ आटतच नाही. केंद्राकडून सालीकडं जाणाऱ्या दिशेत थोडं आटतं, आणि वर्तुळाच्या दिशेत त्याच्या साधारण दुप्पट. सागवान हे कमी आटणारं लाकूड, पण त्याचेही आकडे बघा: ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत केंद्र-साल दिशेत सुमारे 2.5 टक्के आणि वर्तुळाच्या दिशेत सुमारे 5.8 टक्के. घरात लाकूड पूर्ण कोरडं कधीच होत नाही, 12 टक्के ओलीच्या आसपास थांबतं, म्हणून प्रत्यक्ष आटणं याच्या साधारण साठ टक्के धरावं. तरी 12 इंची फळी साध्या कापाची असेल तर सव्वातीन सूत आटेल, आणि चार फोडींतली असेल तर दीड सूत. दाराच्या दोन फळ्यांमधून उजेड दिसायला लागतो तो या फरकातून. शिवाय साध्या कापाच्या फळीत वर्तुळं सरळ व्हायला बघतात आणि फळी सालीच्या बाजूला खोलगट होते. सुतार फळ्या जोडताना एकीची सालीकडची बाजू वर, पुढचीची खाली असं आलटून पालटून ठेवतात, ते यासाठी.

वर्तुळं सागवानात स्पष्ट दिसतात, फणसात पुसट. म्हणून तोंडावर पाणी ओतून बघणारा मिस्त्री मोलाचा.

आम्ही सरळ राहणारी मागितली. मिस्त्रींनी केंद्रातला तो ठिपका कुठल्याच फळीत येऊ दिला नाही, त्याची पट्टी वेगळी काढली. केंद्र पोटात ठेवून चौकोनी खांब काढला तर तो वाळताना फुटतो. मोठी तुळई असेल तर काही वेळा इलाज नसतो, पण दाराच्या चौकटीला असलं लाकूड कुणी देत असेल तर घेऊ नये.

बाकीचे शब्द भराभर सांगते. पहिल्या कापात सालीसकट निघते ती खपली. रुंद, पण त्या मानानं जाडी कमी ती फळी. छपराला लागतात ते वासे, त्यांवर आडव्या ठोकायच्या त्या रिपा, ज्यांवर खानापुरी कौलं बसतात. खोलीच्या रुंदीवरून जाते ती तुळई. फांदी निघाली होती तिथं गाठ. गाठ घट्ट असेल तर चालते, सुटी असेल तर वाळल्यावर भोक पाडून निघून जाते. लांबीत कमानीसारखी वळलेली फळी ती वाकलेली, आणि एका कोपऱ्यावर उचललेली ती पिळलेली. वाकलेली रंध्यानं थोडीफार सुधारते, पिळलेली सुधारत नाही. फळी डोळ्यापुढं बंदुकीसारखी धरून लांबीत बघितली की दोन्ही दोष लगेच कळतात.

गाभा आणि पांढरं यांतला भेद मात्र विसरू नये. गाभ्यात झाडानं वर्षानुवर्षं साठवलेली द्रव्यं असतात, कीड आणि वाळवी त्याला सहसा लागत नाही. सालीलगतच्या पांढऱ्या भागात पिष्ट असतं आणि भुंगा नेमका त्यावर येतो. फर्निचरखाली पिठासारखा बारीक भुसा पडलेला दिसला तर बहुधा पांढरं आत राहून गेलेलं असतं. सागवानाचंसुद्धा पांढरं टिकत नाही. "सागवान आहे" एवढ्यावर भागत नाही, गाभ्याचा किती आहे हे बघायला हवं. अंधाऱ्या पंधरवड्यात झाड तोडलं तर कीड लागत नाही, असं आमच्याकडची जुनी माणसं सांगतात. तोडणीचा दिवस कुठलाही असो, पांढरं काढून टाकणं आपल्या हातात असतं.

कुठलं लाकूड कशाला, हे आपल्या भागात अजून लोकांना ठाऊक आहे आणि ते ठाऊक राहायला हवं असं मला फार वाटतं. ऐन, ज्याला आमच्याकडं मत्ती म्हणूनच ओळखतात, जड आणि दणकट, खांबाला आणि तुळईला. पण वाळताना तडकतं, त्यामुळं त्याला सावकाश वाळवावं लागतं. किंदळ आणि नाणा घरबांधणीला. जांभूळ पाण्यात टिकतं म्हणून पूर्वी विहिरीच्या कामाला. आंबा हलका आणि स्वस्त, पण कीड लवकर धरतो. फणसाचा गाभा ताजा असताना हळदीसारखा पिवळा असतो आणि उजेडात हळूहळू तांबूस तपकिरी होत जातो. नवीन दार बघून कुणी "रंग जरा भडकच आहे" म्हणालं तर त्याला पाचेक वर्षांनी बोलवावं.

कागदांचं थोडक्यात पण नीट सांगते. स्वतःच्या जमिनीतलं झाड असलं तरी ते तोडायला आणि लाकूड हलवायला परवाना लागतो की नाही, हे आधी वनखात्याकडं विचारून घ्यावं. कोणत्या झाडाला सूट आहे याची यादी प्रत्येक राज्याची वेगळी आहे. आपल्या सीमाभागात हे फार महत्त्वाचं, कारण चंदगडच्या मामाचं झाड आणि बेळगावातली सॉमिल यांच्यामध्ये राज्याची हद्द येते. वनखात्याच्या आगारातून लिलावात निघालेल्या ओंडक्यावर शिक्का आणि नंबर असतो, तो बघूनच माल घ्यावा. 12 डिसेंबर 1996 रोजी जंगलतोडीबद्दलच्या गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारच्या मंजुरीशिवाय जंगलात चाललेली वनेतर कामं थांबवायला सांगितली, आणि त्यात सॉमिलचाही स्पष्ट उल्लेख होता. लोंढा, नागरगाळीच्या रानात फिरताना जे मोठे वृक्ष आज उभे दिसतात, त्यांच्यापर्यंत करवत सहज पोचू नये म्हणून हे नियम आहेत. मला ते जाचक वाटत नाहीत.

फळ्या घरी आल्या की निम्मं काम उरतं, आणि माझ्या मते तेच जास्त नाजूक. ओळखीतल्या एका घरात उन्हाळ्यात ओल्या लाकडाची दारं बसवली. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फळ्या आटून मधे बोट जाईल अशा फटी पडल्या. लाकूड उत्तम होतं, सुतारही चांगला होता. फक्त लाकूड मुरायला वेळ दिला नव्हता. ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पोकळ्यांमध्ये आणि पेशींच्या भिंतींमध्ये. पोकळ्यांतलं पाणी जाईपर्यंत फळी हलकी होते पण आटत नाही. ओल 30 टक्क्यांच्या खाली आली की भिंतींतलं पाणी जायला लागतं, आणि खरं आटणं, वाकणं, पिळणं तिथून सुरू होतं.

म्हणून थप्पी लावायची रीत पाळावी. जमिनीपासून हातभर वर, सावलीत, वारा खेळेल अशा जागी. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या कोरड्या पट्ट्या, दोन-दोन फुटांवर, आणि खालची पट्टी जिथं असेल बरोबर तिच्याच वर वरची. पट्ट्या सरकल्या तर फळी त्या जागी झोल खाते. वर वजन ठेवावं. फळीच्या दोन्ही टोकांना ऑइलपेंट किंवा डांबर फासावं, कारण टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी पटींनी लवकर उडतं आणि चिरा तिथूनच सुरू होतात. इंचाला एक वर्ष असा एक जुना ठोकताळा आहे, पण तो थंड देशांतला. आपल्याकडं मार्च-एप्रिलच्या वाऱ्यात लाकूड याहून लवकर वाळतं, आणि खरी भीती असते ती फार लवकर वाळायची. उन्हात टाकलेली मत्तीची फळी आठवड्यात तडकते. पावसाळ्यात उलट, जांबोटीकडच्या हवेत वाळलेलं लाकूडही पुन्हा ओल धरतं. म्हणून दारं पावसाळ्यात घट्ट होतात आणि होळीला सैल, आणि चांगला सुतार दोन सूत खेळ ठेवूनच दार बसवतो.

लाकूड मुरलं की नाही हे ओळखायला यंत्रच हवं असं नाही. त्याच फळीच्या मधल्या भागातून एक तुकडा कापून थप्पीतच ठेवावा आणि दर आठवड्याला त्याचं वजन करावं. वजन उतरायचं थांबलं आणि काही आठवडे तिथंच राहिलं की लाकूड तिथल्या हवेशी जुळलं. पावसाळ्यातलं थांबणं धरू नये, उन्हाळ्यातलं धरावं.

सॉमिलमधून निघताना दोन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, खपल्या. त्या कुंपणाला, गोठ्याच्या आडोशाला होतात, आणि जाड खपलीतून पोळपाट-पाटही निघतात. दुसरी, मापाची चिठ्ठी: किती फळ्या, कुठल्या जाडीच्या, कापायचे पैसे किती. तयार 1 इंच हवी असलेली फळी आम्ही सव्वा इंचाची कापून घेतली, कारण आटणं आणि रंधा मिळून दोन सूत जातातच. आधीच नेमकी एक इंच मागितली असती तर हातात पाऊण आली असती.

फणसाच्या त्या फळ्या सध्या काकांच्या मागच्या पडवीत थप्पीत आहेत. वजनाचा तुकडा काकू भाजीच्या काट्यावर तोलतात आणि आकडा दिनदर्शिकेवर लिहितात. गेल्या उन्हाळ्यात तो उतरत होता, पावसाळ्यात थोडा चढला, आता पुन्हा उतरतोय. तो थांबल्यावरच सुताराला बोलवायचं ठरलंय. दारं फणसाची होतील, पण उंबरा मत्तीचा घालायचा, कारण तिथं पाय आणि पावसाचं पाणी दोन्ही पडतं. त्यासाठी काकांनी एका वखारीत परवान्याचा, शिक्का असलेला तुकडा बघून ठेवलाय. त्याचं तोंड अजून ओलं करून बघायचंय.